शून्याचे दोन अर्थ

खानापूर तालुक्यात जांबोटी आणि तळेवाडीच्या मधल्या जंगलात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन ओल्डफील्ड थॉमस या लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ साली प्रसिद्ध केले आणि राउटन या वनाधिकाऱ्याचे नाव त्या जातीला दिले. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत या वटवाघळापुढे एकच ठिकाण छापले जात होते, ते म्हणजे बारापेडे. मग ते कंबोडियात आढळले, मेघालयात आढळले. मधल्या काळात ती वटवाघळे काही उडून तिकडे गेली नव्हती. ती तिथे होतीच, पाहणारा उशिरा पोहोचला. (या वटवाघळाचा कोविडशी काडीचाही संबंध नाही, हे इथेच सांगितलेले बरे, कारण २०२० साली वटवाघळांवर बराच राग काढला गेला.) मराठीत ‘असणे’ आणि ‘आढळणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि साथीच्या आकड्यांचे सगळे शहाणपण या दोहोंतल्या अंतरात आहे. ‘जिल्ह्यात आज इतके नवे रुग्ण आढळले’ असे बेळगावची मराठी दैनिके रोज छापत होती. क्रियापद अगदी बरोबर होते. वाचणारा मात्र ‘इतके नवे रुग्ण झाले’ असे वाचत होता आणि चहाच्या टपरीपासून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत चर्चा याच दुसऱ्या वाक्यावर चालत होती.

जांबोटीसारख्या गावाला हा फरक जास्त जाचतो. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. खानापूरहून येणारा रस्ताही इथेच मिळतो. भाजी आणि दूध या वाटेने गोव्यात जाते, कामाला माणसे जातात, सणावाराला परत येतात. उत्तरेला निपाणीपलीकडे कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. साहजिकच इथल्या वाचकासमोर कोल्हापूरचा, बेळगावचा आणि गोव्याचा असे तीन आकडे एकाच पानावर येत. तिन्ही ठिकाणी चाचणी कोणाची करायची याचे ठरलेले नियम, किटचा पुरवठा, नमुने तपासण्याची सोय आणि आकडे जाहीर करण्याची पद्धत वेगवेगळी होती, आणि ती दर काही आठवड्यांनी बदलतही होती. गोव्याचेच पाहा. १९ एप्रिल २०२० रोजी तिथल्या सातही रुग्णांना बरे करून राज्य कोविडमुक्त झाल्याचे जाहीर झाले. १ मेच्या केंद्राच्या यादीत गोव्याचे दोन्ही जिल्हे हिरव्या पट्ट्यात होते आणि बेळगाव नारिंगी पट्ट्यात. एका वर्षाने, मे २०२१ च्या सुरुवातीला, गोव्यात तपासलेल्या दर दोन माणसांपैकी एक पॉझिटिव्ह निघत होता. हा दर देशात सर्वांत जास्त होता. पहिल्या वर्षीचा शून्य बऱ्याच अंशी खरा होता, कारण सीमा बंद होत्या आणि बाहेरून येणाऱ्यांवर नजर होती. पण शून्य खरा आहे की नुसता कागदावरचा, हे शून्याकडे पाहून कधीच कळत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारी नसलेला दुसरा आकडा शोधावा लागतो : किती जणांना तपासले, आणि ते कोण होते?

समजा जांबोटीएवढ्या एखाद्या गावातून दहा जणांचे स्वॅब घेतले आणि दहाही निगेटिव्ह आले. गावाच्या नावापुढे शून्य लागला. आता समजा की गावात खरे तर दर दहांतल्या एकाला लागण झालेली आहे, म्हणजे साथ चांगलीच पसरली आहे. अशा गावातून चिठ्ठ्या टाकून दहा माणसे निवडली, तर दहाही निगेटिव्ह येण्याची शक्यता शंभरात पस्तीस आहे. म्हणजे भर साथीतले गावसुद्धा तीनांतून एकदा दहा नमुन्यांवर ‘शून्य’ दाखवून मोकळे होईल. संख्याशास्त्रात यासाठी एक साधा हिशेब आहे आणि तो कोणालाही तोंडी करता येतो. एकही पॉझिटिव्ह मिळाला नाही तर तीनाला नमुन्यांच्या संख्येने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या प्रमाणापर्यंत लागण असू शकते, असे धरून चालावे. तीस नमुने शून्य आले तर लागण दहा टक्क्यांपर्यंत असू शकते, तीनशे नमुने शून्य आले तर एक टक्क्यापर्यंत. हेसुद्धा चाचणी अचूक असेल आणि माणसे चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच. दहा नमुन्यांचा शून्य आणि तीनशे नमुन्यांचा शून्य दैनिकातल्या चौकटीत एकाच गोलाकार अक्षराने छापले जातात, पण पहिला जवळपास काहीच सांगत नाही आणि दुसरा बरेच काही सांगतो.

चिठ्ठ्या टाकून तर कोणीच निवडत नव्हते. मार्च २०२० च्या मध्यापर्यंत देशात चाचणीचा नियम असा होता की परदेशातून आलेला किंवा पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कातला, आणि त्यातही लक्षणे असलेला, तेवढाच तपासायचा. त्यानंतर श्वसनाच्या गंभीर आजाराने रुग्णालयात दाखल झालेल्यांचा त्यात समावेश झाला. परदेशी न गेलेल्या, घरीच ताप काढणाऱ्या शेतकऱ्याची चाचणी या नियमात बसतच नव्हती. अशा नियमाखाली गावाचा आकडा शून्य येणे हे आधीच ठरलेले होते. त्यातून तेव्हा आजाराविषयी काही कळत नव्हते, नियमाविषयी कळत होते. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पारंपरिक वैद्यकाच्या राष्ट्रीय संस्थेत कोविडच्या चाचण्या एप्रिल २०२० मध्ये सुरू झाल्या. त्याआधी इथले नमुने जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. प्रयोगशाळा लांब असली की नमुने कमी घेतले जातात, कमी घेतले की रुग्ण कमी आढळतात, आणि कमी आढळले की प्रयोगशाळेची गरज नाही असे वाटू लागते. हे चक्र कोणाच्या वाईट हेतूशिवाय आपोआप फिरत राहते.

त्याच एप्रिलमध्ये जिल्ह्यात हिरेबागेवाडी आणि कुडची या गावांची नावे रोज बातम्यांत होती. तिथे रुग्ण सापडले, त्यांच्या संपर्कातल्या एकेकाला शोधून तपासले गेले, म्हणून आणखी रुग्ण सापडले. काम योग्य रीतीने झाले होते. संपर्क शोधणे हा साथ रोखण्याचा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. पण ज्या गावात दिवे लावून शोध घेतला त्याचा आकडा, आणि ज्या गावात कोणी फिरकलेही नाही त्याचा आकडा, या दोन आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. ती केली गेली. तपासणीला सामोरे गेलेली गावे बदनाम झाली आणि न तपासलेली गावे सोज्ज्वळ ठरली. या चुकीची शिक्षा मोठी होती. आपले नाव यादीत आले की गावावर बहिष्कार पडतो हे लोकांनी पाहिले आणि पुढे आशा कार्यकर्ती दारात आली की तापाची गोळी लपवण्याकडे कल गेला. आकडा चुकीचा वाचला गेल्याने पुढचा आकडाच चुकत गेला.

यावर एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. चाचण्या वाढवल्या म्हणूनच रुग्ण वाढले, मग साथ चाचणीनेच निर्माण केली असे का म्हणू नये? अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांनी जून २०२० मध्ये टल्सा इथल्या सभेत चाचण्या कमी करायला सांगितल्याचे उघड सांगितले होते, त्यामागे हाच विचार होता. या आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे आणि तो नाकारू नये : चाचण्या दुप्पट केल्या तर आढळलेले रुग्ण वाढतातच. उरलेला अर्धा भाग तपासायला सोपे साधन आहे. नुसते नवे रुग्ण पाहू नका, दर शंभर चाचण्यांमागे किती पॉझिटिव्ह आले ते पाहा. चाचण्या वाढवल्यामुळेच आकडा फुगला असेल तर हे प्रमाण घसरायला हवे, कारण आता आपण बऱ्यापैकी निरोगी माणसांनाही तपासू लागलेलो असतो. चाचण्याही वाढल्या आणि प्रमाणही वाढले, तर साथ आपल्या शोधण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने धावते आहे. ५ मे २०२१ रोजी कर्नाटकात एका दिवसात ५०,११२ रुग्ण नोंदले गेले आणि त्या दिवशीच्या चाचण्यांतल्या जवळपास एक तृतीयांश पॉझिटिव्ह होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने आदल्या वर्षीच्या मे महिन्यात पाच टक्के ही सुरक्षित मर्यादा सुचवली होती. तेहतीसच्या आसपासचे प्रमाण असताना पन्नास हजार हा आकडा साथीचा राहत नाही, तो प्रयोगशाळेच्या क्षमतेचा आकडा होतो. शेर भरून ओसंडल्यावर आत किती आहे हे शेर सांगू शकत नाही. आणि अशा वेळी आकडा खाली आला तर आनंद मानण्याआधी चाचण्या किती झाल्या हे विचारायलाच हवे.

पण प्रमाणालाही डोळे झाकून शरण जाता येत नाही. एका तालुक्याच्या दवाखान्यात तापाने आलेल्या हजार जणांची आरटीपीसीआर झाली आणि दोनशे पॉझिटिव्ह आले असे धरू. प्रमाण वीस टक्के. दुसऱ्या आठवड्यात वरून आदेश आला म्हणून बाजारात, बसस्थानकावर आणि नाक्यावर आणखी हजार जणांची रॅपिड अँटिजेन चाचणी केली. त्यात वीस पॉझिटिव्ह निघाले. आता दोन हजारांत दोनशे वीस, म्हणजे अकरा टक्के. प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले आणि पालकमंत्र्यांना पत्रकार परिषदेत सांगायला चांगली बातमी मिळाली. दवाखान्याच्या दारातली रांग मात्र तेवढीच आहे. फरक पडला तो छेदात. शाळेत अपूर्णांक शिकवताना छेद खाली लिहितात म्हणून की काय, त्याच्याकडे कोणी बघत नाही. साथीच्या काळात सगळी फेरफार तिथेच होते, कधी जाणूनबुजून आणि बहुतेक वेळा नकळत. म्हणून प्रमाण पाहायचे ते एकाच प्रकारच्या चाचणीचे, एकाच प्रकारच्या माणसांचे. लक्षणे घेऊन आलेल्यांची आरटीपीसीआर या आठवड्यात आणि मागच्या आठवड्यात काय सांगते, ही तुलना चालते. सगळे एका टोपलीत टाकून केलेली तुलना चालत नाही.

अँटिजेन चाचणीचा विषय आलाच आहे तर तिथे थोडे थांबू, कारण सीमेवरच्या माणसाचा या चाचणीशी जवळचा संबंध आला. भारतात पहिल्या अँटिजेन किटला जून २०२० मध्ये मान्यता मिळाली. मान्यता देतानाच त्या सूचनापत्रात म्हटले होते की ही चाचणी लागण झालेल्या शंभरांपैकी सुमारे ५१ ते ८४ जणांनाच पकडते. लागण नसलेल्याला ती चुकून पॉझिटिव्ह ठरवते असे क्वचितच होते, हजारात फार तर सात वेळा. म्हणून लक्षणे असूनही अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायची, हा नियम त्यातच होता. आता याच किटने दोन ठिकाणी हजार-हजार माणसे तपासू. सोयीसाठी धरू की किट शंभरांतले सत्तर पकडते आणि हजारात पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. पहिले ठिकाण ओसरत्या साथीतला एक नाका. हजारांत दहा जणांनाच लागण आहे. किट सात पकडते, आणि उरलेल्या ९९० निरोगी माणसांतल्या पाचांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. एकूण बारा पॉझिटिव्ह, त्यांतले पाच खोटे. दुसरे ठिकाण ऐन लाटेतला तापाचा बाह्यरुग्ण विभाग. हजारांत तीनशे जणांना लागण आहे. किट २१० पकडते, ९० सोडते. इथे पॉझिटिव्ह आलेल्यावर जवळपास पूर्ण विश्वास ठेवावा, पण निगेटिव्ह आलेल्या सुमारे ७९० जणांत नव्वद बाधित आहेत, म्हणजे दर नऊ जणांत एक. किट तेच, तंत्रज्ञ तोच, कागदावरचा शिक्का तोच. तरीही नाक्यावरचा ‘निगेटिव्ह’ जवळजवळ खात्रीचा आणि दवाखान्यातला ‘निगेटिव्ह’ धोक्याचा. चाचणीचा निकाल एकटा काही बोलत नाही. आसपास साथ किती आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याशीच तो बोलतो.

२०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येताना कोगनोळी नाक्यावर ७२ तासांतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल दाखवावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशानंतर १० मे २०२१ पासून गोव्यात शिरतानाही निगेटिव्ह अहवाल सक्तीचा झाला, म्हणजे चोर्ला घाटातून कामाला जाणाऱ्यालाही. आरटीपीसीआर ही उत्तम चाचणी आहे, पण तिलाही वेळेचे बंधन आहे. विविध अभ्यासांचे आकडे एकत्र करून ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, लागण झाली त्याच दिवशी चाचणी केली तर ती जवळपास हमखास निगेटिव्ह येते. चौथ्या दिवशी शंभरांतल्या ६७ बाधितांना ती निगेटिव्ह म्हणते, लक्षणे दिसू लागतात त्या सुमारास ३८ जणांना, आणि आठव्या दिवशी, म्हणजे ती सर्वांत चांगली चालते तेव्हाही, वीस जणांना. तीन दिवसांपूर्वीच्या अहवालाचा अर्थ इतकाच होतो की त्या दिवशी नाकात-घशात विषाणू सापडला नाही. मग नाक्यांवरची तपासणी फुकट गेली का? तसे नाही. शंभर बाधितांपैकी साठ-सत्तर थांबले तरी रोगाचा वेग कमी होतो. चूक झाली ती त्या कागदाला निरोगीपणाचा दाखला मानण्यात आणि तो खिशात आहे म्हणून मास्क हनुवटीवर आणण्यात.

उलट दिशेचा आक्षेपही बराच गाजला. आरटीपीसीआर फार बारकाईने शोधते, मेलेल्या विषाणूचे तुकडेसुद्धा पकडते, म्हणून रुग्णसंख्या फुगते असा तो आक्षेप. ही चाचणी विषाणूचा अंश पुनःपुन्हा दुप्पट करत जाते, आणि किती फेऱ्यांनंतर तो दिसू लागला यावरून त्याचे प्रमाण कळते. फेऱ्या कमी लागल्या तर विषाणू भरपूर, जास्त लागल्या तर किरकोळ. भारतात ३५ फेऱ्यांपर्यंत दिसला तर पॉझिटिव्ह धरत. ही मर्यादा २४ वर आणावी का, अशी विचारणा महाराष्ट्राकडून झाली होती. एप्रिल २०२१ मध्ये संशोधन परिषदेने नकार दिला, कारण तसे केले तर रोग पसरवू शकणारे बरेच जण सुटले असते. आक्षेपात तथ्य एवढेच की बरा झालेला माणूसही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. पण एप्रिल-मे २०२१ मध्ये माणसे प्राणवायूच्या सिलिंडरसाठी वणवण फिरत होती, आणि ती काही मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांमुळे नव्हे.

आकड्यांच्या तारखांचा घोळ वेगळाच. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी ११ सप्टेंबर २०२० रोजी आपण पॉझिटिव्ह असल्याचे आणि प्रकृती ठीक असल्याचे जाहीर केले. २३ सप्टेंबरला दिल्लीच्या एम्समध्ये त्यांचे निधन झाले. मधले बारा दिवस या आजाराच्या स्वभावाचे होते. रुग्णाची नोंद आज होते, मृत्यूची नोंद दोन-तीन आठवड्यांनी. म्हणून लाट चढत असताना आजच्या मृत्यूंना आजच्या रुग्णांनी भागले तर मृत्युदर नेहमी फसवा कमी दिसतो आणि लाट उतरताना तोच भागाकार घाबरवून सोडतो. त्यात नोंदींचा उशीर मिसळतो. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने जुन्या नोंदी जुळवून १,३२८ मृत्यू एकदम आकड्यांत घातले, त्यांतले ८६२ एकट्या मुंबईचे. दुसऱ्या दिवशी देशाचा चोवीस तासांचा आकडा दोन हजारांवर गेला आणि मथळ्यांनी त्याला ‘उच्चांक’ म्हटले. ते मृत्यू त्या दिवशी झालेलेच नव्हते. एकेका दिवसाच्या आकड्याला म्हणूनच महत्त्व देऊ नये. सोमवारचा आकडा पडतो कारण रविवारी नमुने कमी घेतले जातात. सात दिवसांची सरासरी काढली की असली खळखळ बरीचशी बसते.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. एवढे दोष असतील तर आकडे पाहायचेच कशाला? खोटे बोलणाऱ्या काट्याने तोललेला माल मातीमोलच ना? नाही. काटा रोज सारखाच पावशेर कमी दाखवत असेल, तर कालच्यापेक्षा आज माल वाढला की घटला हे तो बरोबर सांगतो. तपासण्याची पद्धत स्थिर ठेवली की रोजचा आकडा खरी पातळी सांगत नाही, पण दिशा सांगतो. साथ चालू असताना बहुतेक निर्णयांना दिशा पुरते : खाटा वाढवायच्या का, शाळा बंद ठेवायच्या का, आठवडी बाजार भरवायचा का. खरी पातळी हवी असेल तर मात्र वेगळा उपाय करावा लागतो आणि तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. शितावरून भाताची परीक्षा. पातेले घरचे असो की लग्नातल्या पंक्तीचे, चार शिते पुरतात, मात्र ती कुठूनही उचललेली हवीत. वरच्याच थरातली घेतली तर तळाला करपलेला भात कळणार नाही. दवाखान्यात आलेल्यांच्या चाचण्या म्हणजे एकाच थरातली शिते.

अशी सगळ्या थरांतली शिते उचलण्याचे काम रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पाहणीने केले. मे-जून २०२० मध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत २८ हजार प्रौढांचे रक्त तपासले. त्यात शेजारच्या सांगलीचाही समावेश होता. लागण होऊन गेलेल्यांचे प्रमाण ०.७३ टक्के निघाले. ऐकायला किरकोळ वाटते, पण देशाच्या लोकसंख्येला गुणले की मेच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ६४ लाख लोक येतात. म्हणजे नोंदलेल्या एका रुग्णामागे प्रत्यक्षात ८२ ते १३० लागणी. कर्नाटकाच्या स्वतःच्या पहिल्या पाहणीत सप्टेंबर २०२० पर्यंत सुमारे २७ टक्के लोकांना लागण झालेली किंवा होऊन गेलेली निघाली, नोंदलेल्या एका रुग्णामागे सुमारे चाळीस. पुण्यात निवडलेल्या पाच प्रभागांत जुलै-ऑगस्ट २०२० मध्येच निम्म्याहून अधिक लोकांत प्रतिपिंडे सापडली. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण दोन तृतीयांशावर गेले होते. प्रतिपिंडे काळाने ओसरतात आणि त्या चाचण्याही बिनचूक नाहीत, हा आक्षेप योग्य आहे. पण ओसरण्याची चूक आकडा कमीच दाखवते, जास्त नाही. खरा धडा आहे तो हे गुणोत्तर बदलत गेले यात. शंभराच्या आसपास होते ते दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीपर्यंत तिसाच्या आसपास आले, कारण चाचण्या वाढल्या. त्यामुळे एप्रिल २०२० चे शंभर रुग्ण आणि सप्टेंबर २०२० चे शंभर रुग्ण एकाच आलेखावर एकाच उंचीचे काढले, तरी त्यांच्यामागचा रोग एकसारखा नव्हता. एप्रिलचा बुटका खांब खरे तर बराच उंच होता.

जांबोटीत वेगळी रक्तपाहणी करावी इतका पैसा किंवा माणूसबळ साथीच्या मध्यावर कोणाकडे असणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जुन्या साथीत सापडते. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. चाचणी नव्हतीच. माणसाला इन्फ्लुएंझा देणारा विषाणू सापडला तो १९३३ साली. गावकामगारांकडून मृत्यूच्या नोंदी होत आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसता ‘ताप’ लिहिलेला असे. निदान म्हणून ती नोंद निकामी होती. तरीही त्या नोंदींवरून सरकारने देशात साठ लाख मृत्यूंचा पहिला अंदाज बांधला आणि पुढे जनगणनेच्या आधारे अभ्यासकांनी तो दुप्पट-तिप्पट केला. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतले एकमेव दशक आहे ज्यात लोकसंख्या घटली. कारण कोणाला कळले नाही, पण माणसे गेली हे वहीत उतरले होते. ‘कोविडने गेला की कोविड असताना गेला’ या वादातूनही हीच वही बाहेर काढते. कारण बाजूला ठेवायचे आणि नेहमीच्या वर्षापेक्षा किती जास्त माणसे गेली एवढेच मोजायचे. देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ. त्या वर्षी कोविडचे म्हणून जाहीर झालेले मृत्यू होते सुमारे ३.३ लाख. नोंदणी सुधारल्याने वाढीचा काही भाग समजू शकतो, सगळा मुळीच नाही. २०२०-२१ मध्ये भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज केंद्र सरकारने पद्धतीवर बोट ठेवून नाकारला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण त्या वादातले दोन्ही पक्ष ज्या आधारावर उभे आहेत तो आधार म्हणजे मृत्यूची नोंदवही आहे, रोजची रुग्णसंख्या नाही.

बेळगाव जिल्हा अथणीपासून कणकुंबीपर्यंत सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. जिल्ह्याच्या एका आकड्यात जांबोटी कुठे बसते हे कोणतेही सांख्यिकी खाते सांगू शकणार नाही. गावाची नोंदवही मात्र सांगू शकते. स्वॅब न घेता, प्रयोगशाळेशिवाय, गावात मे २०२१ मध्ये नेहमीपेक्षा किती तिरड्या जास्त उठल्या हे त्या वहीत दिसते, जर नोंद झाली असेल तर. घरातला म्हातारा माणूस तापाने गेला, शेती त्याच्या नावावर नव्हती, विमा नव्हता, मग दाखला कशाला, असे म्हणून जी नोंद राहते ती साथीच्या हिशेबातून कायमची निसटते. २०२१ च्या मृत्युनोंदींचा अहवाल प्रसिद्ध व्हायला मे २०२५ उजाडला. तेवढ्या काळानंतर आठवणीवरून काही भरता येत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची माहिती २१ दिवसांत दिली तर काहीही शुल्क लागत नाही. ती नोंद प्रत्येक घराने करावी, साथ असो वा नसो.